भीती, संशय आणि न्यायनिवाडा

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण महाराष्ट्राच्या खेडोपाडी आजही ऐकू येते. तिच्यात व्यवहारज्ञान आहे तसे भयही आहे. खर्चाचे भय, हेलपाट्यांचे भय, कागद हरवल्याचे भय आणि या सर्वांपेक्षा मोठे म्हणजे निकाल काय लागेल हे ठाऊक नसल्याचे भय. गंमत अशी की, न्यायालयात जे दावे दाखल होतात त्यांतील पुष्कळशांच्या मुळाशीही भीतीच असते. शेजारी बांध कोरून पुढे सरकेल, भाऊ परस्पर जमीन विकून टाकील, सावकार जप्ती आणील, मुदत टळून जाईल, या शंकेने माणूस वकिलाकडे धाव घेतो. भीती एकाला न्यायालयात आणते आणि दुसऱ्याला त्यापासून दूर ठेवते. जो दूर राहिला त्याचे म्हणणे न्यायाधीशाच्या कानी पडत नाही आणि निकाल मात्र त्याच्याविरुद्धही बंधनकारक होतो.

कायद्याच्या पुस्तकांत या गोष्टीला स्वतंत्र प्रकरण नसते. परंतु पुराव्याचे नियम, मुदतीचे नियम, जामिनाचे नियम बारकाईने पाहिले तर त्यांच्या पोटात एकच प्रश्न दडलेला दिसतो. खरे काय ते निश्चितपणे कळत नसेल, तर त्या अनिश्चिततेचा तोटा कोणी सोसायचा? या प्रश्नाचे उत्तर चुकले म्हणजे काय होते, याचा एक मोठा धडा महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे.

सुप्याचा बाजार

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. तो बाजाराचा गाव होता. ही लाट पुढे पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरली. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावाचे एक वैशिष्ट्य चौकशी करणाऱ्यांच्या ध्यानी आले. जमावाला सावकाराच्या जिवापेक्षा त्याचे कागद हवे होते. रोखे, हुकूमनामे आणि खातेवह्या यांचा शोध घेऊन त्या जाळण्यात आल्या. जेथे सावकाराने मुकाट्याने रोखे काढून दिले तेथे बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही.

कागदाविषयी एवढा संताप का असावा? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, हिंदुस्थानच्या कापसाला चढा भाव आला आणि शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. पण कर्ज उरले. त्याच सुमारास अनेक तालुक्यांत जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला. ही आर्थिक कारणे सर्वपरिचित आहेत. मुदतीच्या कायद्याचा त्यातील वाटा मात्र तितकासा सांगितला जात नाही.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू असा की, जुन्या व्याजाचे डोंगर ऋणकोच्या डोक्यावर साचू नयेत. प्रत्यक्षात उलटे झाले. तीन वर्षे भरत आली की सावकाराच्या मनात धाकधूक सुरू होई, कारण मुदत टळली तर पैसा बुडाला. मग तो दावा लावी किंवा शेतकऱ्याकडून नवा रोखा लिहून घेई. जुने मुद्दल अधिक थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल होई आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. शेतकऱ्यापुढे दोनच वाटा असत: अंगठा उठवावा किंवा समन्सला सामोरे जावे. तो अंगठा उठवी. कायदा केला ऋणकोच्या संरक्षणासाठी आणि त्याने भर घातली ती धनकोच्या भीतीत. ती भीती शेवटी उतरली ऋणकोच्याच पाठीवर.

दावा लागलाच तर? दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे आणि पुढील चर्चांत जी वस्तुस्थिती आली तिच्यातील सर्वांत बोलकी बाब म्हणजे एकतर्फी हुकूमनामे. असंख्य दाव्यांत प्रतिवादी शेतकरी न्यायालयात उभाच राहत नसे. न्यायालय दूर, भाडेखर्च जवळ नाही, कामाचे दिवस मोडतात. शिवाय ‘तू येऊ नकोस, आपण मिटवून घेऊ’ असे सावकाराने सांगितलेले. वाचता येत नाही, हिशेब जवळ नाही, साक्षीदार सावकाराच्याच उपकाराखाली दबलेले. अशा स्थितीत जाऊन तरी काय सांगणार, हा विचार अज्ञानाचा म्हणता येईल, पण निराधार म्हणता येणार नाही. न्यायाधीशापुढे एक सही केलेला कागद येई आणि त्याला उत्तर देणारे कोणी नसे. कायद्याच्या अक्षरानुसार निकाल बरोबरच असे. कागदावर संशय घेण्याचे काम ज्याने करायचे तोच घरी बसलेला, म्हणून कागद निःसंशय ठरे.

कागदाच्या मागे पाहण्याचा अधिकार

१८७९ साली ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ झाला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करून कैदेत टाकण्याची प्रथा त्याने बंद केली. गावपातळीवर दस्तनोंदणीची आणि तडजोड घडवून आणणाऱ्या सलोखेकारांची तरतूद केली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दोन गोष्टी अधिक मोलाच्या होत. एक म्हणजे प्रतिवादीला बोलावून त्याची जबानी घेण्याची जबाबदारी न्यायालयावर आली. दुसरी म्हणजे रोख्यावरील आकडा अंतिम न मानता व्यवहाराचा प्रारंभापासूनचा इतिहास तपासण्याचा मार्ग मोकळा झाला. ऋणकोने रक्कम कबूल केली असली तरीसुद्धा. भीतीपोटी दिलेली कबुली ही खरी कबुली नसू शकते, हे कायद्याने येथे जवळजवळ उघडपणे मान्य केले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काही काळ याच कायद्याखालील विशेष न्यायाधीशाचे काम पाहिले होते.

तथापि भीती अशी एका कलमाने नाहीशी होत नाही. ती जागा बदलते. न्यायालय रोख्याच्या आणि गहाणखताच्या मागे जाऊन पाहते, हे ध्यानी येताच सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत मागू लागले. तोंडी बोली अशी की, पैसे फेडल्यावर जमीन परत करीन. कागदावर मात्र कायमची विक्री! लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, हा पुराव्याचा सामान्य नियम सावकाराच्या मदतीला आला. अखेर कायद्यात दुरुस्ती करून, खरेदीखताच्या रूपात दडलेले गहाण हुडकण्याचा अधिकार न्यायालयाला द्यावा लागला. हा खेळ आजही संपलेला नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये सावकारी व्यवहारापोटी बळकावलेली जमीन परत देववण्याचा अधिकार सावकारांच्या जिल्हा निबंधकाला दिलेला आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचाच रोग नव्या कायद्यात पुन्हा नोंदवावा लागला, यावरून त्याची चिकाटी कळून येईल.

न्यायाधीशाला तरी खात्री कोठे असते?

आतापर्यंत पक्षकारांच्या भयाचा विचार झाला. न्यायासनावर बसलेल्या व्यक्तीची स्थितीही फारशी निराळी नसते. घटना घडली तेव्हा न्यायाधीश तेथे नव्हता. त्याच्यापुढे दोन कथा येतात. दोन्ही शपथेवर सांगितलेल्या. ‘मला कळत नाही’ असे म्हणून त्याला उठता येत नाही. म्हणूनच १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने ‘शाबीत’ या शब्दाची व्याख्या करताना पूर्ण खात्रीची अट घातली नाही. शहाण्या माणसाने त्या परिस्थितीत जी गोष्ट खरी धरून वागावे, इतकी ती संभाव्य असली म्हणजे ती शाबीत झाली, असा तिचा आशय आहे. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ याने घेतली; व्याख्या मात्र आशयाने तीच राहिली.

ही संभाव्यता सर्वत्र एकाच मापाने मोजली जात नाही. दिवाणी दाव्यात ज्या बाजूचे पारडे थोडेसे जरी खाली झुकले ती बाजू जिंकते. फौजदारी खटल्यात तेवढ्याने भागत नाही. वाजवी संशयाला जागा उरता कामा नये. कारण उघड आहे. दिवाणी दाव्यात चूक झाली तर ती कोणत्याही बाजूने सारखीच वाईट. फौजदारीत निरपराध्याला तुरुंगात धाडण्याची चूक अधिक वाईट मानली आहे. म्हणून अनिश्चिततेचा तोटा सरकार पक्षाने सोसायचा आणि फायदा आरोपीला द्यायचा.

पण हा फायदा किती ताणावा? महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दोन खटल्यांत या प्रश्नाची दोन अंगे दिसतात. १९७३ च्या बोबडे खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावले की, प्रत्येक क्षुल्लक शंकेला कवटाळून आरोपी सोडले जाऊ लागले तर लोकांचा न्यायावरचा विश्वास उडेल. त्याच निकालात त्यांनी ‘असू शकेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतील लांबच लांब अंतराकडेही लक्ष वेधले. पुढे १९८४ च्या सारडा खटल्यात केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा देण्यासाठी पाच कसोट्या एकत्र मांडल्या गेल्या. न्यायालयाने त्यांना ‘पंचशील’ म्हटले आणि संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे निक्षून सांगितले.

जमिनीच्या बाबतीत हाच प्रश्न सातबाऱ्याच्या रूपाने प्रत्येक ग्रामपंचायत सदस्याच्या ओळखीचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध शाबीत होईपर्यंत, खरी मानली जाते. याचा अर्थ सातबाऱ्यावर नाव लागले की मालकी सिद्ध झाली असा नव्हे. मालकी ठरविण्याचे काम दिवाणी न्यायालयाचे. नोंद फक्त इतकेच ठरविते की, ती खोटी आहे असे म्हणणाऱ्याने पुरावा आणावा. एवढ्या एका भेदाची माहिती नसल्यामुळे कित्येक विधवा व बहिणी ‘उताऱ्यावर आता आपले नाव नाही’ म्हणून हक्कच सोडून देतात.

गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे

संशयाचा भार कोणावर टाकावा, याचे उत्तर ठरविताना भीतीचा विसर पडला तर केवढा अनर्थ होतो, हे देसाईगंजच्या प्रकरणाने देशाला दाखविले. मार्च १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील या गावच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोघांनाही सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली हा निकाल फिरवला. भयापोटी निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे, अशी त्या खंडपीठाची भूमिका होती. परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना पुन्हा निर्दोष ठरविले. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, अशा बाबींना तेथे महत्त्व मिळाले.

रात्रीच्या वेळी ठाण्याचे दार आतून बंद झाले असता एका गरीब मुलीने कोणाला हाक मारायची, हा साधा प्रश्न त्या विचारसरणीत बसत नव्हता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उद्देशून खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस व तत्सम सत्ताधाऱ्यांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे न्यायालयात सांगितले आणि शरीरसंबंध घडल्याचे शाबीत झाले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरावे, ही तरतूद आली. भार एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेला. २०१३ च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट केले की, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही. त्या मुलीला या बदलांचा काहीच लाभ झाला नाही, ही गोष्ट मात्र विसरण्याजोगी नाही.

व्यवहाराच्या क्षेत्रात हाच विचार भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये आढळतो. धाकदपटशाने किंवा गैरवाजवी दडपणाने घेतलेली संमती ही मुक्त संमती नव्हे. ज्याचे दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व आहे त्याने केलेला सौदा वरकरणीच अन्यायाचा दिसत असेल, तर दडपण आणले नाही हे त्यानेच शाबीत करावयाचे असते.

कोणती भीती कायदा मानतो?

प्रत्येक भयाला कायदा दाद देत नाही, आणि ते योग्यच आहे. अटकपूर्व जामिनाची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत प्रथम आली. आज ती भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४८२ मध्ये आहे. अटक होईल असे ‘मानण्यास कारण’ असणाऱ्याला ती उपलब्ध आहे. १९८० साली सिब्बिया प्रकरणात सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नुसती भीती आणि साधार समजूत यांत फरक केला. ‘कोणीतरी काहीतरी करील’ एवढ्या धास्तीवर जामीन मागता येणार नाही. ती का वाटते याची तपासता येईल अशी कारणे दाखवावी लागतील. मनाई हुकुमाचेही तसेच आहे. बांध फोडला जाण्यापूर्वीच न्यायालय हात धरू शकते, पण त्यासाठी प्रथमदर्शनी हक्क, सोयी-गैरसोयींचा तोल आणि पैशाने भरून न निघणारे नुकसान, या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात.

साक्षीदाराचे भय याहून अवघड. खून चौकात होतो, पाहणारे दहा असतात आणि उलटतपासणीत एकालाही काही आठवत नाही. अशा साक्षीदाराला फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याला त्याच गावात, आरोपीच्याच आळीत उरलेले आयुष्य काढायचे असते, हे कोणी ध्यानात घेत नाही. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली. तिच्याखाली धोक्याच्या तीव्रतेनुसार संरक्षण मागता येते. खालच्या न्यायालयांतील न्यायाधीशही भयमुक्त असतात असे नाही. जामीन दिला तर आपल्या हेतूविषयी कुजबुज होईल, या धास्तीने ते हात आखडता घेतात, अशी चिंता २०२२ साली सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी जाहीरपणे व्यक्त केली होती.

तडजोडीच्या बैठकीत

अनिश्चिततेवरचा सर्वांत जुना उपाय तडजोड हा होय. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ ने लोकन्यायालयांना कायद्याचे अधिष्ठान दिले. तेथील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावातील तंटा गावातच मिटविण्याला शासनाचे पाठबळ मिळाले. दोन्ही पक्षांना निकालाची सारखीच धास्ती असेल, तर अशी तडजोड उत्तमच. पण एकाला थांबणे परवडते आणि दुसऱ्याला परवडत नाही, एक गावचा पुढारी आणि दुसरा त्याच्या शेतावरचा मजूर, अशी स्थिती असेल तेव्हा ‘दोघांच्या संमतीने मिटले’ या वाक्यावर सही करण्यापूर्वी समितीच्या सदस्यांनी दुबळ्या पक्षाला बाजूला घेऊन, दुसरा पक्ष समोर नसताना, विचारणे आवश्यक आहे. अपील नसलेल्या कागदावर तो अंगठा उठवीत आहे, हे त्याला समजले पाहिजे. जे गुन्हे कायद्याने आपसांत मिटविण्याजोगे नाहीत ते लोकन्यायालयालाही मिटविता येत नाहीत; मग ते गावच्या बैठकीत मिटविण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही.

समन्स घेऊन बेलिफ दारात आला की घरातील माणसे आजही मागच्या दाराने निघून जातात. समन्स न घेतल्याने दावा थांबत नाही; बहुधा तो एकतर्फी चालतो. तसा हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करण्यासाठी हुकुमाच्या तारखेपासून, आणि समन्सची बजावणीच रीतसर झाली नसेल तर हुकूम कळल्यापासून, तीस दिवसांत त्याच न्यायालयात अर्ज करता येतो. वकील देण्याची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. तिचे काम तालुक्याच्या न्यायालयातच चालते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना राज्याने ठरविलेली उत्पन्नमर्यादा लागू आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० हा असून तो ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर लिहून ठेवता येईल.